कावीळ आणि देहाची आठवण

‘काविळ झालेल्याला सारें जग पिवळें दिसतें,’ अशी एक म्हण आपल्या भाषेंत आहे. ती इतकी रुळून गेली आहे कीं, ती खरी कीं खोटी याचा विचार करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. वस्तुतः कावीळ झालेल्या मनुष्यास जग पूर्वीसारखेंच दिसत असतें. पिवळा दिसतो तो स्वतः, आणि तोहि इतरांना. परंतु ज्या काविळीचा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगावयाचा आहे, तिची तऱ्हा याहूनहि निराळी आहे. ती ज्याच्या देहांत वीस-तीस वर्षें नांदते त्याचे डोळे बहुधा पिवळे होत नाहींत, त्याला ताप येत नाहीं, त्याचें अन्न तुटत नाहीं. तो शेतावर जातो, संसार करितो, मुलांचीं लग्नें करितो. आणि एके दिवशीं पोटांत पाणी होण्याचें निमित्त होऊन कळतें कीं, यकृत केव्हांच निकामी होऊन गेलें आहे. या अदृश्य काविळीस वैद्यकांत ‘हेपॅटायटिस बी’ असें नांव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें २५ कोटि ४० लक्ष माणसें हा रोग अंगावर वागवीत होतीं, त्यांपैकीं सुमारें २ कोटि ९८ लक्ष एकट्या भारतांत होतीं, आणि त्या एका वर्षांत जगांतील अकरा लक्ष माणसें त्याला बळी पडलीं.

हा रोग टाळण्याचा उपाय मनुष्यास सांपडून चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तो मुळासकट उपटून काढण्याचा उपाय मात्र अद्यापि हातीं आलेला नाहीं. टाळतां येतो पण उपटतां येत नाहीं, असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर केवळ प्रयोगशाळेंत सांपडण्यासारखें नाहीं. त्यासाठीं देहाच्या संरक्षणाची कल्पना मनुष्याच्या, आणि विशेषतः आपल्या या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांच्या, मनांत कशी कशी वाढत गेली हें पाहिलें पाहिजे.

आमची कुंभिवली खालापूर तालुक्यांत आहे. कर्जत-खालापूरचा हा मुलूख मुंबई व पुणें यांच्या मध्यें, बोरघाटाच्या पायथ्याशीं पसरलेला आहे. आगगाडी आणि हमरस्ता दोन्ही येथून जातात. कारखाने झाले आहेत, औषधांचीं दुकानें झालीं आहेत. तथापि घरांत कोणास कावीळ झाली म्हणजे पुष्कळांचे पाय अजूनहि प्रथम ‘कावीळ उतरविणाऱ्या’ जाणत्याकडेच वळतात. कोणी भुईआवळी दुधांत किंवा ताकांत वाटून देतो. कोणी देवडांगरीचें वाळलेलें फळ रात्रभर भिजत घालून त्या पाण्याचे थेंब नाकांत सोडतो. मग नाकांतून पिवळसर पाणी वाहूं लागतें आणि रोग बाहेर पडत असल्याचें समाधान सर्वांना होतें. कोणी झाडाच्या काड्यांची मंत्रविलेली माळ डोक्यावर ठेवतो. ती दिवसेंदिवस लांबत जाऊन पायांपर्यंत पोंचली कीं कावीळ गेली असें समजतात. कोणी हातांस कसलासा लेप लावून ते चुन्याच्या पाण्यानें धुवावयास लावतो आणि पिवळें झालेलें पाणी दाखवितो. कोणी दंडावर डाग देतो.

या उपायांस हंसणें सोपें आहे, आणि माळेचें रहस्य सांगणेंहि कठीण नाहीं. ओल्या काड्या सुकून आकसतात, दोऱ्याच्या गांठी सैल पडतात, आणि माळ लांबते. ती माणसाच्या डोक्यावर असो कीं खुंटीवर असो. चुन्याच्या पाण्यांत वनस्पतींचा रंग बदलतो, हेंहि रंगाऱ्यास ठाऊक आहे. परंतु खरा प्रश्न निराळाच आहे. हे उपाय शतकानुशतकें टिकले ते रोगी बरे होत गेले म्हणूनच ना? बरे न होणाऱ्या रोगावर कोणी इतकीं वर्षें माळा घातल्या नसत्या. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत सोळाव्या अध्यायीं पांडुरोगाबरोबर कामलेचा विचार आलेला आहे. म्हणजे आपले वैद्य निदान दोन हजार वर्षें तरी या रोगाशीं झगडत आहेत आणि त्यांनाहि यश येत गेलें आहे. मग बरें कोण करीत होतें?

उत्तर असें कीं, रोगी स्वतःच बरा होत होता. कावीळ हा एक रोग नव्हे. तें अनेक रोगांचें एक लक्षण आहे. दूषित पाण्यावाटे होणारी कावीळ बहुतेक लोकांत कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरते. गरोदर स्त्रियांना मात्र तिचा एक प्रकार प्राणघातक ठरूं शकतो, हें विसरूं नये. १९५५-५६ सालीं दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत गटाराचें पाणी मिसळून सुमारें २९,००० लोकांना कावीळ झाली. ती नेहमींच्या ‘ए’ जातीची असावी असा त्या वेळीं समज होता. परंतु जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं अमेरिकन सहकाऱ्यांसमवेत तपासले, आणि १९८० सालीं ती ‘ए’ही नव्हे व ‘बी’ही नव्हे असें सिद्ध केलें. पुढें तिलाच ‘ई’ हें नांव मिळालें. ‘ए’ आणि ‘बी’ हीं नांवें १९४७ सालीं मॅक्कॅलम या इंग्रज वैद्यानें सुचविलीं होतीं: पाण्या-अन्नावाटे येते ती ‘ए’, आणि रक्तावाटे येते ती ‘बी’. प्रौढ वयांत ‘बी’ची लागण झाली तरी शंभरांत पंचाण्णवांहून अधिक लोक तिच्यांतून सुटतात. तेव्हां भुईआवळी देणारा असो, माळ घालणारा असो किंवा नुसता स्वस्थ बसणारा असो, यश सर्वांनाच येणार. खरा वैद्य रोग्याच्या अंगांतच बसलेला असतो. दक्षिणा मात्र दुसराच घेऊन जातो.

या अंगांतल्या वैद्याची ओळख आपल्याकडे प्रथम झाली ती देवीच्या रोगानें. एकदां देवी येऊन गेल्या कीं पुन्हां येत नाहींत, हें जाणून कांहीं प्रांतांत सौम्य देवीची लस टोचण्याची चाल पूर्वींपासून होती. जेन्नरची गोस्तनदेवीची लस युरोपांतून दंडापासून दंडापर्यंत अशी मुलांच्या अंगावर जिवंत ठेवीत मुंबईस आणण्यांत आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्थॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती मुंबईंत टोचण्यांत आली. भारतांतील पहिली यशस्वी लस ती हीच. ‘देवी काढणें’ हा शब्दप्रयोग आणि गांवोगांव फिरणारा ‘देवी डॉक्टर’ हे दोन्ही त्यानंतर आपल्या भाषेंत स्थिर झाले. देह एकदां भेटलेल्या शत्रूस विसरत नाहीं, ही गोष्ट अशा रीतीनें शास्त्राच्या आधींच व्यवहारांत आली.

परंतु आठवण राहण्यासाठीं शत्रु जिवंतच असला पाहिजे काय? या प्रश्नाचा निकाल मुंबईंतच लागला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. सरकारनें वाल्डेमार हाफकिन या जन्मानें रशियन यहुदी असलेल्या शास्त्रज्ञास पाचारण केलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत त्यांनीं काम सुरू केलें. बोकडाच्या मांसापासून केलेल्या रसांत त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे त्यांच्या आधारें जंतूंचे तंतु झुंबरासारखे खालीं लोंबत वाढत. हिंदू व मुसलमान या दोघांच्याहि भावना दुखवूं नयेत म्हणून गाय व डुक्कर दोन्ही वर्ज्य करून बोकड पसंत केला, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मग तो रस तापवून जंतु मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःच्या अंगांत तो टोचून घेतला. ताप आला, गेला, मनुष्य जगला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत, आपखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. टोचून घेतलेल्यांत रोगाचें प्रमाण पुष्कळ कमी आढळलें. मेलेल्या शत्रूच्या प्रेतावरूनहि देह त्याचा चेहरा ओळखून ठेवतो, हें त्या महिन्यांत मुंबईनें पाहिलें. त्याच सालीं १० मार्च रोजीं पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला, आणि जून महिन्यांत रँडसाहेबावर प्राणघातक गोळी झाडण्यांत आली. लोकांचा रोगाहून रोगनिवारणाच्या जुलमावर अधिक राग असतांना हें काम चाललें होतें.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या सरकारी वाड्यांत गेली, आणि १९२५ सालीं तिला त्यांचेंच नांव देण्यांत आलें. परंतु त्यांच्या कीर्तीस ग्रहण लागलें तेंहि याच लसीनें. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मलकोवाल गांवीं लशीच्या एकाच बाटलींतून टोचलेल्या १०७ लोकांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला आणि हाफकिन यांस पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें अनेक शास्त्रज्ञांनीं पुरावा तपासून दाखविलें कीं, बाटली गांवांत उघडतांना ती दूषित झाली असावी. १९०७ सालीं त्यांच्यावरील ठपका दूर झाला. सुई ही दुधारी आहे, तिच्या टोंकावर रक्षणहि असतें आणि मरणहि असतें, हा धडा मलकोवालनें दिला.

आणि नेमक्या याच ठिकाणीं आपल्या काविळीचा प्रवेश होतो. १८८३ सालीं जर्मनीच्या ब्रेमेन शहरांत जहाजाच्या कारखान्यांतील १,२८९ कामगारांना देवी टोचण्यांत आल्या. ती लस मानवी दंडावरील फोडांतून काढलेली होती. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना ती लस टोचली नव्हती त्यांना झाली नाहीं. ल्यूर्मान नांवाच्या वैद्यानें १८८५ सालीं हें लिहून ठेविलें, पण त्याचा अर्थ उमगण्यास साठ वर्षें लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, अमेरिकन सैन्यास पीतज्वराची लस टोचण्यांत आली. तिच्यांत मानवी रक्तरस मिसळलेला होता. त्या लशीनें सुमारें पन्नास हजार सैनिक काविळीनें अंथरुणास खिळले. रक्षणाच्या सुईवर बसूनच हा शत्रु गांवोगांव हिंडत होता. त्याला कोणी पाहिलें नव्हतें, आणि प्रयोगशाळेंत तो वाढतहि नव्हता. हाफकिन यांना प्लेगचा जंतु रसांत वाढवितां आला म्हणून त्याचें प्रेत करितां आलें. पण जो वाढतच नाहीं त्याला मारावयाचें कसें?

त्याचा शोध लागला तो काविळीच्या वाटेस न गेलेल्या माणसाकडून. बारूख ब्लुंबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ निरनिराळ्या वंशांच्या लोकांत रक्तांतील प्रथिनें कशी भिन्न असतात याचा अभ्यास करीत होते. ज्यांना वारंवार परक्याचें रक्त द्यावें लागतें अशा रोग्यांचा देह त्या परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंड तयार करितो, हें जाणून त्यांनीं अशा रोग्यांचा रक्तरस जगभरच्या नमुन्यांशीं मिळवून पाहिला. १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या एका रक्तस्रावी रोग्याच्या रसाची ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या रक्ताशीं प्रतिक्रिया झालेली दिसली. या नव्या पदार्थास त्यांनीं ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असें नांव दिलें. प्रथम तो आनुवंशिक गुण असावा असें त्यांना वाटलें. परंतु ज्याच्या रक्तांत तो पूर्वीं नव्हता अशा एका रोग्याच्या रक्तांत तो पुढें आढळला, आणि पाहतां त्याच अवधींत त्याच्या यकृतास सूज आलेली! जन्मानें मिळालेला गुण मध्येंच कोठून येईल? १९६७ सालापर्यंत कोडें सुटलें: हा प्रतिजन म्हणजे काविळीच्या विषाणूचें बाह्य कवच होय. १९७० सालीं डेन यांनीं सूक्ष्मदर्शकांत सबंध विषाणु पाहिला, आणि १९७६ सालीं ब्लुंबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां हाफकिन यांच्या युक्तीची आठवण ठेवून पुढील प्रयोग पाहावा. १९७१ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर सॉल क्रुगमन यांनीं रोग्याचा रक्तरस दसपट पाण्यांत मिसळून एक मिनिट उकळला आणि तो टोचला; रोग झाला नाहीं, उलट पुष्कळांना रोगापासून रक्षण मिळालें. बोकडाच्या रसांत जें १८९७ सालीं घडलें तेंच चौऱ्याहत्तर वर्षांनीं माणसाच्या रक्तरसांत घडलें. परंतु एक फरक सांगितलाच पाहिजे. हाफकिन यांनीं सुई प्रथम स्वतःस टोचली. क्रुगमन यांचे प्रयोग विलोब्रुक येथील मंदबुद्धि मुलांच्या संस्थेंत झाले, आणि त्यांतील कित्येक मुलांना जाणूनबुजून रोगाची लागण करण्यांत आली होती. पालकांची संमति घेतली होती असें सांगतात. परंतु ज्या संस्थेंत मुलास प्रवेश मिळणें दुर्घट, तेथील संमतीस कितपत मोल द्यावें? या लशीच्या इतिहासांतील हा डाग पुसला जाण्यासारखा नाहीं, आणि पुसूंहि नये.

पुढें अमेरिकेंत मॉरिस हिलमन यांनीं रोगवाहकांच्या रक्तांतून विषाणूचें कवच तेवढें वेगळें काढून शुद्ध केलें आणि १९८१ सालीं लशीस मान्यता मिळाली. परंतु माणसाच्या रक्तापासून केलेली लस घेण्यास लोक कचरत, आणि एड्सच्या भयानें ती धास्ती वाढली. तेव्हां विषाणूच्या कवचाचा जनुक पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्यें घालून त्याच्याकडूनच कवच तयार करून घेण्याची युक्ति निघाली; ती लस १९८६ सालीं आली. शत्रूचें प्रेतहि नको, नुसता त्याचा अंगरखा दाखविला तरी देहास पुरतो! तैवाननें १९८४ सालापासून नवजात बालकांस लस देण्यास आरंभ केला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण दर लाखीं ०.७० होतें, तें १९९० ते १९९४ या काळांत ०.३६ वर आलें. लशीनें कर्करोग टळतो, हें जगानें प्रथम पाहिलें तें येथें.

आपल्याकडे ही लस आरंभीं परदेशांतून येई आणि तिच्या एका मात्रेस शेंकडों रुपये पडत. मध्यम स्थितींतील कुटुंबासहि तो खर्च जड होता, मग कातकरी-ठाकरांच्या वाडीची गोष्ट कशास? १९९७ सालीं हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें देशी लस बाजारांत आणली. मागाहून पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटसारख्या संस्थाहि या कामांत उतरल्या आणि किंमत झपाट्यानें खालीं आली. या पुण्याच्या संस्थेचा परळशीं ऋणानुबंध मोठा मनोरंजक आहे: पूनावाला कुटुंबाच्या पागेंतील निवृत्त घोडे हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें प्रतिविष तयार करण्यासाठीं जात, त्यावरून आपणच लस व प्रतिविष कां करूं नये असा विचार सुचून सायरस पूनावाला यांनीं १९६६ सालीं ही संस्था काढली. परळ एका बाजूस व पुणें दुसऱ्या बाजूस. मधल्या या घाटाखालच्या मुलुखांतूनच ही विद्या, हे घोडे आणि पुढें या लशींच्या पेट्या ये-जा करीत राहिल्या. सरकारी लसीकरणांत हिचा समावेश २००२ च्या सुमारास कांहीं शहरांत व जिल्ह्यांत प्रयोगादाखल झाला, आणि २०११ सालापासून तो सर्व देशांत झाला.

येथवर रोग टाळण्याचा इतिहास झाला. परंतु ज्यांना रोग आधींच जडला आहे त्यांना या लशीचा कांहीं उपयोग नाहीं. असें कां, हें समजण्यासाठीं या विषाणूचा स्वभाव पाहिला पाहिजे. साधारण समज असा कीं, विषाणु यकृताचा नाश करितो आणि देहाची प्रतिकारशक्ति यकृत वांचविते. ‘बी’च्या बाबतींत गोष्ट जवळजवळ उलट आहे. हा विषाणु स्वतः यकृताच्या पेशी मारीत नाहीं. तो त्यांत भाडेकऱ्यासारखा राहतो. पेशी मारतात त्या देहाच्याच सैनिक-पेशी, कारण विषाणु हुडकून काढावयाचा म्हणजे तो ज्या घरांत बसला आहे तें घर पाडावें लागतें. प्रौढ मनुष्यांत हें युद्ध जोरानें होतें, डोळे पिवळे होतात, मनुष्य अंथरुणास लागतो. पण बहुधा शत्रूचा मोड होतो. म्हणजे काविळीचा पिवळा रंग हा येथें विजयाचाहि रंग असूं शकतो.

याच्या उलट, रोगी मातेच्या पोटीं जन्मणाऱ्या अर्भकाची गोष्ट पाहा. जन्माच्या वेळीं किंवा त्यानंतर लवकरच ज्यास लागण झाली, अशा शंभर मुलांपैकीं सुमारें नव्वदांत रोग कायमचा ठाण मांडतो. कोवळ्या देहास आपलें कोण व परकें कोण याची ओळख पक्की झालेली नसते. विषाणु त्याला घरचाच वाटतो. युद्ध होत नाहीं, कावीळ होत नाहीं, मूल हंसतें खेळतें. मग विसाव्या-तिसाव्या वर्षीं देह जागा होतो आणि अर्धवट, कुचंबलेलें युद्ध सुरू करितो. त्या धुमसणाऱ्या युद्धानें यकृतावर व्रण पडत जातात आणि कित्येकांत शेवटीं कर्करोग होतो. शिवाय विषाणु नुसत्या रिकाम्या कवचांचा असा पूर रक्तांत सोडतो कीं, तीं सोंगें मारतां मारतां सैनिक-पेशी थकून जातात. ज्या कवचाच्या दर्शनानें निरोग्याचा देह सावध होतो, त्याच कवचाच्या गर्दीनें रोग्याचा देह बधिर होतो. म्हणून रोगवाहकास लस देणें म्हणजे नगाऱ्याच्या आवाजांत झोंपलेल्यास जागें करण्यासाठीं आणखी एक नगारा वाजविण्यासारखें आहे.

आतां आमच्या भुईआवळीकडे पुन्हां वळूं; कारण तिची कथा कुंभिवलीच्या बांधावर संपत नाहीं. ज्या ब्लुंबर्ग यांनीं हा विषाणु ओळखला, त्यांनींच व्यंकटेश्वरन् व मिलमन यांच्यासह १९८७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, भुईआवळीच्या अर्कानें या विषाणूचें एक मर्मस्थानीचें विकर परीक्षानळींत अडखळतें, आणि अमेरिकेंतील वुडचक नांवाच्या प्राण्यांच्या तशाच रोगावरहि त्याचा परिणाम दिसतो. १९८८ सालीं मद्रासचे त्यागराजन् यांनीं रोगवाहकांना तीस दिवस भुईआवळीचें चूर्ण देऊन पाहिलें. ३७ पैकीं २२ जणांच्या रक्तांतून प्रतिजन नाहींसा झाला, आणि नुसतें सोंगाचें औषध घेतलेल्या २३ पैकीं एकाच्याच झाला. केवढा आनंद झाला असेल! परंतु थायलंडांत व इतरत्र हाच प्रयोग करून पाहिला तेव्हां तसा गुण आला नाहीं, आणि आजपर्यंत तें यश कोणास खात्रीनें पुन्हां मिळवितां आलेलें नाहीं. या कथेंत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंपरेचें औषध म्हणून त्याला झिडकारलें नाहीं, आणि परंपरेचें म्हणून त्याला सूटहि दिली नाहीं. माळेची परीक्षा कोणी केली नाहीं म्हणून ती अजून लांबतच आहे. भुईआवळीची परीक्षा झाली, हा तिचा मानच समजला पाहिजे.

मग आधुनिक औषधांनीं काय साधलें? १९९२ सालीं अमेरिकेंत इंटरफेरॉनला या रोगासाठीं मान्यता मिळाली. तो देहाच्याच संरक्षणाचा एक रस; त्यानें थोड्यांना लाभ होतो, पण त्रास फार. १९९८ सालीं लॅमिव्हुडीन आलें, पुढें एन्टेकॅव्हिर व टेनोफोव्हिर आलीं. हीं रोज एक गोळी घेतली तर विषाणूची वाढ जवळजवळ थांबते, यकृत सांवरतें, कर्करोगाचें भय कमी होतें. परंतु गोळी थांबली कीं विषाणु बहुधा परत येतो. कारण पेशीच्या केंद्रकांत त्यानें आपल्या जनुकाचें एक बंद कडें दडवून ठेविलेलें असतें. शेतांतलें तण कापलें तरी जमिनींत कांदा राहावा, तसें तें राहतें. या कड्यापर्यंत पोंचणारें औषध अद्यापि नाहीं.

येथें एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. जे लोक प्रौढपणीं या काविळींतून आपोआप ‘बरे’ झाले, त्यांच्या यकृतांतहि हें कडें पुष्कळदां शिल्लकच असतें. कर्करोगासारख्या दुसऱ्या दुखण्यासाठीं प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें द्यावीं लागलीं तर वर्षानुवर्षें निपचित पडलेला हा विषाणु पुन्हां उठतो. म्हणजे निसर्गानें स्वतः केलेली चिकित्साहि शत्रूचा निर्वंश करीत नाहीं. ती त्याला कैदेंत टाकते आणि पहाऱ्यावर आठवणीस बसविते. बरें होणें म्हणजे रोग विसरणें नव्हे, तर रोग विसरूं न देणें होय. म्हणूनच आजच्या संशोधकांनीं आपलें ध्येयहि तसेंच आंखलें आहे: कडें निघो न निघो, रक्तांतील कवचाचा पूर ओसरून देहानें स्वतः पहारा हातीं घ्यावा, म्हणजे झालें. २०१२ सालीं चीनमधील संशोधकांनीं विषाणु यकृतपेशींत कोणत्या दारानें शिरतो हें शोधून काढलें. कवचाची निपज रोखणाऱ्या बेपिरोव्हिर्सेन या औषधाच्या २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, चोवीस आठवड्यांच्या उपचारानंतर शंभरांत नऊ-दहा रोग्यांच्या रक्तांतून प्रतिजन गेला व पुढील चोवीस आठवडे आला नाहीं. प्रतिकार असलेल्या दात्याची अस्थिमज्जा बसविल्यावर कांहीं रोगवाहक मुक्त झाले, हेंहि पूर्वीं दिसून आलें आहे. दुसऱ्याची आठवण उसनी घेऊन देह जागा होऊं शकतो, हा त्यांतील आशेचा धागा. आंकडे लहान आहेत. पण दिशा ठरली आहे.

तोंवर काय? तोंवर पहारा बाहेरून ठेवावा लागेल. १९८२ सालीं चित्रीकरणांत जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना असंख्य दात्यांचें रक्त द्यावें लागलें, आणि त्यांतील एका बाटलींतून हा रोग आपल्या अंगांत आला, यकृताचा सुमारें पाऊण भाग गेला, असें त्यांनीं स्वतः जाहीरपणें सांगितलें आहे. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांना या कामासाठीं सदिच्छादूत नेमलें. २००९ सालीं गुजराथेंत मोडासा येथें वापरलेल्या सुया पुन्हां वापरल्यामुळें ही कावीळ पसरून कित्येकांचे प्राण गेले; ब्रेमेनला सव्वाशें वर्षें होऊनहि सुईचा धडा आम्ही पुरता शिकलों नव्हतों.

आणि नामांकितांस जें धैर्यानें सांगतां येतें तें सामान्यांस सांगतां येत नाहीं. आमच्या परिचयांतील एका तरुणास एका कारखान्यानें नोकरीचा शब्द दिला आणि रक्ततपासणीचा कागद पाहून तो परत घेतला. त्याला कसलाच त्रास नव्हता. घरीं आईनें त्याचें ताट वेगळें केलें, ठरत आलेली सोयरीक मोडली. हा रोग ताटांतून जात नाहीं, हातांत हात घेतल्यानें जात नाहीं, एका विहिरीच्या पाण्यानें जात नाहीं. तो जातो रक्तानें, दूषित सुईनें व वस्तऱ्यानें, शरीरसंबंधानें, आणि मातेकडून बालकाकडे. वधूवरांपैकीं एकास रोग असेल तर दुसऱ्यानें लस घ्यावी, एवढाच त्यावर तोडगा. सोयरीक मोडण्याचें कारण नाहीं. पण त्या तरुणाच्या घरीं हें कोणी सांगितलें नव्हतें. शेजारणींनीं सांगितली ती माळ.

२८ जुलै हा ब्लुंबर्ग यांचा जन्मदिवस जगभर यकृतशोथदिन म्हणून पाळतात. २०१८ सालीं त्याच दिवशीं आपल्या सरकारनें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तपासणी व औषधें विनामूल्य देण्याचें ठरविलें. तथापि सगळ्या इतिहासाचें सार एका दिवसांत सांठलेलें आहे. तो दिवस बालकाच्या जन्माचा. पहिल्या चोवीस तासांत लस टोचली तर कोवळा देह शत्रूस घरचा समजण्याआधींच त्याला ओळखूं शिकतो. रुग्णालयांत जन्मणाऱ्या मुलास ती मिळणें कठीण नाहीं. परंतु डोंगरावरच्या वाडींत, पावसाळ्यांत ओढा भरलेला असतां, घरींच बाळंत होणाऱ्या बाईच्या मुलाचे चोवीस तास केव्हां सुरू होतात आणि केव्हां संपतात हें कोण मोजणार? गरोदरपणींच तिच्या रक्ताची तपासणी करणें आणि दिवस भरत आले कीं तिला खालीं आणणें, हीं कामें आरोग्यसेविकेच्या पायपिटीवर अवलंबून आहेत. शिकलेल्या कुटुंबांनीं तीं आपलींहि मानावीं. तिला ओढ्यापलीकडे सोडणारी गाडी, रात्रीपुरती गांवांत दिलेली एक खोली, आणि आपल्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईस ‘रक्त तपासलेंस काय?’ एवढा एक प्रश्न, हें आपणांपैकीं कोणासहि अशक्य नाहीं. औषधाचा शोध लागेल तेव्हां लागेल. चोवीस तासांचा शोध लागून गेलेला आहे.